डाव्या हाताची गाठ

१

तापीच्या काठाला सुरत नावाचं मोठं शहर. शहरात लिंबायत नावाची वस्ती, वस्तीत पत्र्याच्या छपराची एक खोली, आणि खोलीत दोन बायका राहत होत्या, सासू आणि सून. सासूचं नाव मालती, ती मी. सुनेचं नाव हर्षदा. माझा नवरा सुकदेव, तो कधीचाच वर गेलेला. माझा मुलगा भाईदास, हर्षदाचा नवरा. तो आहे की नाही, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

प्लेगच्या साली सुरत पळाली तेव्हा आम्हीही पळालो. कारखाने बंद, तोंडाला रुमाल, जो तो गाडी गाठायला निघालेला. उधना स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. भाईदासनं आम्हा दोघींना खिडकीतून डब्यात कोंबलं आणि बोचकी आत दिली. आता तो चढणार, तेवढ्यात माझ्या मनात आलं की दाराला कुलूप लावल्याचं काही आठवत नाही. मी म्हटलं, "भाईदास, कुलूप राहिलं रे." एवढंच म्हटलं. जा म्हटलं नाही. तेव्हापासून मी स्वतःला हेच सांगत आले आहे.

तो हसला. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, माय. मी येस मागून." मागून येतो म्हणाला, आमच्या अहिराणीत.

महिन्याभरानं आम्ही खानदेशातल्या गावाहून, दोंडाईच्याहून परत आलो, तर दाराला कुलूप होतं. किल्ली त्याच्याकडे, म्हणून दगडानं फोडावं लागलं. आत सगळं जागच्या जागी. माठ पालथा घातलेला, दोरीवरचे कपडे घडी करून पेटीवर ठेवलेले. म्हणजे तो घरापर्यंत आला होता. तिथून पुढे कुठे गेला ते दवाखान्याच्या यादीत निघालं नाही, पोलिसांच्या कागदात निघालं नाही, त्याच्याबरोबर कापडाचे लूम चालवणाऱ्या पोरांनाही ठाऊक नव्हतं. साडेतीन वर्षं गेली. हर्षदा कपाळाला कुंकू लावायची, पण आरशात न बघता.

२

लूमसाठी दोऱ्याच्या कांड्या भरून भरून माझ्या डोळ्यांना तार दिसेनासा झाला, तेव्हा मला जुन्या सामानाच्या गोदामात काम लागलं. पर्वत पाटियाकडे जाणाऱ्या रस्त्याला ते गोदाम होतं. जुन्या सुरतेत घरं पडत होती, नवी उठत होती, आणि पडलेल्या घरांमधलं सामान पोत्यांनी तिथे येत होतं. घंगाळं, गडू, कंदील, अडकित्ते, पाळण्याचे लाकडी घोडे, जरीच्या टोप्या, दौती, आरशाच्या चौकटी. भंगारात जायचं ते सामान गोऱ्या लोकांना हवं असतं, हे मला तिथे कळलं.

शेठची सून नीलमबेन एका कोपऱ्यात कंप्यूटर घेऊन बसायची. ती फोनची तार कंप्यूटरला लावायची, की आतून किरकिर, शिट्टी, मग कुणी लांबून खाकरावं तसा आवाज यायचा, आणि बाजार उघडायचा. तो बाजार कुठेच नव्हता, आणि सगळ्या देशांत होता. नीलमबेन त्यात वस्तूचा फोटो टाकायची, खाली माहिती लिहायची. पण वस्तूचं नाव काय, ती कशाला वापरायची, हे तिला कुठे ठाऊक. ती गुजरातीतून विचारायची, "मासी, आ शेमां नाखुं?" म्हणजे हे कशात टाकू. मी सांगायची, हा शेवयांचा साचा, हे चष्म्याचं घर, हा बाळाच्या पायातला वाळा. मग ती म्हणायची, गोऱ्यांना गोष्टही लागते, वस्तू कुणाची होती ती. म्हणून सामान विकायला येणाऱ्यांना विचारून विचारून ती गोष्टी एका वहीत उतरवून ठेवायची.

मला अक्षर येत नाही. म्हणून मी माझी पद्धत काढली. लूमवरचा वाया गेलेला दोरा मी पिशवीभर आणला. पितळेला पिवळा, लाकडाला हिरवा, कापडाला पांढरा, लोखंडाला लाल. वस्तू धड असली तर एक गाठ, पोचा पडला असला तर दोन, मोडकी असली तर तीन. दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नीलमबेन नंबर लिहायची. एका दिवसात शंभर वस्तू माझ्या हाताखालून जायच्या. शेठ म्हणायचा, शिकलेल्या चार पोरी ठेवल्या असत्या तरी त्यांनी एवढा घोळ निस्तरला नसता. मी म्हणायची, शिकलेल्या पोरींनी आधी चहा मागितला असता.

माझी गाठ लूमची गाठ होती. तुटलेला तार जोडताना कारागीर मारतात ती, बारीक, पक्की, एका बाजूला शेपूट सोडलेली. ती मला भाईदासनं शिकवली होती. तो डावखुरा. त्यामुळे त्याच्या गाठीचं शेपूट डावीकडे पडायचं आणि माझ्या गाठीचं उजवीकडे. शिकवताना तो समोर बसायचा, म्हणजे मला आरशात बघितल्यासारखं सोपं जायचं.

३

त्या वर्षी फाल्गुनात हर्षदाचा भाऊ रामदास आला. त्यानं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि बशीकडे बघतच विषय काढला. किसन नावाचा एक मुकादम होता, चाळिशीच्या आतला, बायको वारलेली, मूल नाही. हर्षदाशी पाट लावायला तयार होता. आमच्यात बाईचं दुसरं लग्न असंच लागतं, मांडव नाही, वाजंत्री नाही. पण नवरा जिवंत असेल तर पाट लागत नाही. आणि तो जिवंत नाही हे म्हणायचं कुणी, तर त्याच्या आईनं. पंचांनी तसंच सांगितलं होतं.

रामदास म्हणाला, "मावशी, आहे म्हणा, नाहीतर नाही म्हणा. रामनवमीपर्यंत तो थांबायला तयार आहे. माझी बहीण तेवीस वर्षांची आहे."

हर्षदा बाहेर मोरीवर भांडी घासत होती. घासण्याचा आवाज मध्येच थांबला. मी म्हटलं, विचार करून सांगते. आवाज पुन्हा सुरू झाला.

विचार काय करणार. आईनं पोराला आपल्या तोंडानं मेला म्हणायचं. बरं, नाही म्हणायचं, तर ही पोर माझ्याजवळ बसून म्हातारी होणार.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गोदाम उघडलं. शेठनंच कुलूप काढलं. आदल्या संध्याकाळी दोन नवी पोती आली होती, ती मी मधल्या जागेत ओतून, हात न लावता तशीच ठेवून गेले होते. सकाळी त्या ढिगाच्या बाजूला, भिंतीशी, एक छोटा ढीग वेगळा काढलेला. आठ-नऊ वस्तू. प्रत्येकीला दोरा बांधलेला.

मला वाटलं, मीच बांधले असतील. वय झालं की बाई मीठ दोनदा घालते. पण माझ्या ढिगात पितळेशेजारी पितळ असतं. इथे जरीच्या टोपीशेजारी काठी, काठीशेजारी चांदीचे वाळे, वाळ्यांशेजारी फुटका आरसा. रंगाचाही मेळ नाही, काठीला पांढरा दोरा, टोपीला लाल. गाठ मात्र सगळ्यांना एकच. धड असो, मोडकी असो, एकच.

मी नीलमबेनला विचारलं. ती म्हणाली, मासी, मला शर्टाचं बटण लावता येत नाही, मी गाठी कशाला मारू. शेठला विचारलं, तो हसला.

मी टोपी उचलून उजेडात धरली. गाठ लूमची होती. शेपूट डावीकडे.

मी सोडून बघितली, पुन्हा बांधून बघितली. उलट्या हातानं बांधायला गेले, तर मला ती साधेना. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. लूमवर डावखुरी माणसं काय कमी असतात? असं मी मनाला म्हटलं. पण गोदामात लूमवरचं दुसरं कुणी येत नव्हतं, आणि खिडक्यांना जाळ्या होत्या.

५

संध्याकाळी मी दोऱ्याची पिशवी घरी घेऊन गेले. म्हटलं, आता बघू.

सकाळी भिंतीशी आणखी सहा वस्तू होत्या. दोरा माझा नव्हता. ढिगात एक जुनी साडी होती, तिचा काठ उसवून त्यातले धागे घेतले होते. मी एकीचा धागा बोटात धरला. टोक कातरीनं कापलेलं नव्हतं, दातानं तोडलेलं होतं.

आणि ते ओलं होतं.

भाईदास असाच तोडायचा. कातर शेजारी असली तरी दातानं. मी ओरडायची, दात झिजतील, म्हातारपणी भाकरी कशी खाशील. तो दात दाखवायचा.

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. तेव्हा नाही घाबरले. मला वाटलं, माझा पोरगा जिवंत आहे. काहीतरी झालं असेल, तोंड दाखवायला लाजत असेल, पत्र्याची एखादी फट त्याला ठाऊक असेल. आई इथे काम करते हे कळलं असेल, म्हणून आईचं थोडं काम करून जातो. डोकं म्हणत होतं की जिवंत माणसाला घर सोडून गोदाम कशाला हवं. मी डोक्याला गप्प बसवलं.

घरी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून नेला, आणि संध्याकाळी निघताना भिंतीशी ठेवून आले. बांधायला फडकं घेतलं ते सुकदेवच्या जुन्या उपरण्याचं. घरात तेवढंच स्वच्छ होतं.

६

सकाळी भाकरी जमिनीवर होत्या. एकीवर एक, नीट ठेवलेल्या, कोर न मोडलेल्या. मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या. फडकं मात्र त्यावर नव्हतं. ते घडी करून भिंतीशी त्या ढिगात ठेवलं होतं, आणि त्याला दोरा बांधला होता.

मी तिथेच खाली बसले. सुकदेव एका दुपारी ते उपरणं खांद्यावर टाकून दुसऱ्या पाळीला निघाला होता. जाताना म्हणाला, आज वांग्याचं भरीत कर. रस्त्यातच पडला. तिथून दवाखाना, दवाखान्यातून परस्पर तापीवरचं स्मशान, अश्विनीकुमारचा घाट. उपरणं कुणीतरी घरी आणून दिलं. तो घरी आलाच नाही.

नीलमबेन आली तशी मी तिला म्हटलं, या ढिगातल्या वस्तूंच्या गोष्टी वहीतून वाचून दाखवा. ती कंटाळून वाचू लागली. टोपीचा मालक आफ्रिकेत व्यापाराला गेला, परत आला नाही. वाळे ज्या बाळाचे, ते घाटावर आईच्या हातातून नदीत गेलं, सापडलं नाही. काठीवाला म्हातारा यात्रेला गेला होता. आरसावाली सकाळी देवळात जाते म्हणून निघाली होती. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. तिनं वही मिटली.

मग मी तिला त्याच पोत्यातल्या एका अडकित्त्याची गोष्ट विचारली. त्याला भिंतीशी नेलेलं नव्हतं. ती म्हणाली, हा ज्याचा, तो घरातच वारला, खाटेवर, सगळी मुलंबाळं जवळ होती.

म्हणजे ढीग मेलेल्यांचा नव्हता. दारातून बाहेर पडले आणि पुन्हा त्या दारात आले नाहीत, त्यांचा होता. माझ्या रंगांपेक्षा, माझ्या गाठींपेक्षा ही निवड खरी होती. हे ज्याला कळतं तो कोण असेल, हा विचार मनाशी आला, तो मी पुढे जाऊ दिला नाही.

नीलमबेननं एवढंच सांगितलं, की या ढिगातलं सामान टाकलं की लगेच जातं. बाकीचं महिना महिना पडून राहतं. का, ते तिला ठाऊक नव्हतं.

७

रामनवमीला नऊ दिवस उरले होते.

पेटीत भाईदासची वाटी होती. पितळेची, तळहाताएवढी. त्याच्या उष्टावणाला माझ्या भावानं आणलेली. काठाजवळ टिंबाटिंबांनी नाव ठोकलेलं, भाईदास सुकदेव. मला अक्षर येत नसलं तरी ती टिंबं मी अंधारात बोटानं ओळखते. संध्याकाळी मी ती पदराखाली नेली आणि मधल्या ढिगात ठेवली. तिच्याशेजारी माझी पानाची चंची ठेवली, पडताळ्याला. देवाचं नाव घेतलं नाही. कुठल्या देवाला काय मागायचं होतं? मला फक्त बघायचं होतं.

ती रात्र आम्ही दोघींनी कूस बदलत काढली. तिला वाटत होतं मी झोपले आहे, आणि मला वाटत होतं ती.

सकाळी माझी चंची जागच्या जागी होती. वाटीही ढिगातच होती. भिंतीशी नव्हती. मी ती उचलली, फिरवून फिरवून बघितली. दोरा नाही, गाठ नाही.

मी रडले. नीलमबेन धावत आली, मी म्हटलं डोळ्यात धूळ गेली. तो येणार होता. ज्याला गाठ नाही तो परत येतो, अडकित्तेवाला नाही का घरात होता. वाटीच्या तळाला एक दोऱ्याचा तुकडा पडला होता, तो मी झटकून टाकला.

संध्याकाळी हर्षदाला सांगितलं. म्हटलं, भाईदास आहे. येईल. रामदासला नाही म्हणून कळव. कसं कळलं ते विचारू नको.

तिनं विचारलं नाही. कणीक मळत होती, मळत राहिली. परात स्वच्छ झाली तरी मळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, तो आहे म्हणता. मग मला बरं का वाटत नाही?"

मला राग आला. वाईट बोलले तिला. म्हटलं, तुझं मन त्या मुकादमाकडे लागलंय, म्हणून. तिनं त्या कणकेच्या पोळ्या केल्या, मला वाढलं, आणि स्वतः जेवली नाही.

८

वाटी मी परत आणली नव्हती. का, ते सांगता येत नाही. दुसऱ्या सकाळी तिच्यात पुन्हा दोऱ्याचा तुकडा होता. तिसऱ्या सकाळी तीन तुकडे. चौथ्या सकाळी वाटी निम्मी भरलेली. सगळ्यांची टोकं दातानं तोडलेली, सगळी ओली. कुठलाच तुकडा सरळ नव्हता. प्रत्येक तुकडा वळलेला, पिळलेला, गाठ मारायला घ्यावी आणि ती सुटून जावी तसा.

त्या चार दिवसांत दुसऱ्या कुठल्याच वस्तूला गाठ पडली नव्हती. भिंतीशी नवीन काही गेलं नव्हतं.

मग विजेच्या सुट्टीचा दिवस आला. आठवड्यातून एकदा आमच्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद असायची. लूम थांबले की सुरत वेगळीच वाटते. रोजची खटखट कानाला इतकी सवयीची असते, की ती गेली की आपणच बहिरे झालो असं वाटतं. शेठ सामान बघायला नवसारीला गेला होता. कंप्यूटर बंद म्हणून नीलमबेन दुपारी जेवायला घरी गेली. मी एकटी, दार उघडं, बाहेर टळटळीत ऊन.

मी बाहेरच्या बाजूला घंगाळं पुसत होते. मागे, दोन कपाटांच्या मधे, जिथे मधला ढीग होता, तिकडून आवाज आला. पितळेवर नख लागावं तसा. थांबला. मग दातानं दोरा तोडल्याचा. तो आवाज मी वीस वर्षं ऐकला आहे. लूम चालू असते तर तो ऐकू आला नसता. मला वाटलं, तो रोज दिवसाही येत असेल, आणि मला खटखटीत कळत नसेल.

मी उठले नाही. बसल्या जागेवरून फक्त मान वळवली. कपाटांच्या फटीतून वाटी दिसत होती. आणि एक हात. मनगटापर्यंत. डावा. मागे कपाटाची सावली होती, सावलीत काय होतं ते मी बघितलं नाही. बघता आलं असतं, पण बघितलं नाही. हात वाटीला दोरा गुंडाळत होता, हळूहळू, कारागिराच्या सवयीनं. गाठीचा फास केला, टोक आत घातलं, ओढलं. दोरा सगळाच्या सगळा सुटून वाटीत पडला. हात थांबला. मग नवीन दोरा घेऊन वर गेला, तोंड असतं तिथपर्यंत. तुटल्याचा आवाज. पुन्हा खाली. पुन्हा फास, पुन्हा ओढणं, पुन्हा सुटलं.

तेव्हा मला समजलं. आपल्या वस्तूला आपल्याला गाठ मारता येत नाही. बाकी सगळ्यांची त्यानं मारली होती, बापाचीसुद्धा. स्वतःची राहिली होती, आणि ती राहिली म्हणून तो इथून हलत नव्हता. मी ते न मारलेलं बघून घरी जाऊन आनंद केला होता.

अजूनही मनात आलं, गप्प बसावं. असाच येत राहील रोज. दोरा तोडल्याचा आवाज तरी येत राहील. हे मी लपवणार नाही, मला तसं वाटलं.

हाताचं बोट कापत होतं. ताप आला की लहानपणी कापायचं तसं.

मी म्हटलं, "राहू दे रे बापा. मी बांधते."

हात थांबला. मी उठले, भिंतीला धरत धरत गेले. कपाटाला वळसा घालून पोचले तर तिथे ढीगच होता, आणि वाटी. वाटी गार होती. मी खाली बसले. वाटीतले सगळे तुकडे काढून मांडीवर घेतले, त्यातला एक निवडला, दोनदा गुंडाळला आणि माझी गाठ मारली. शेपूट उजवीकडे. दात उरले नव्हते, म्हणून टोक कातरीनं कापलं.

मग वाटी भिंतीशी नेऊन ठेवली, सुकदेवच्या उपरण्याच्या शेजारी.

बाहेर कुठेतरी वीज आली असावी. एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे.

९

नीलमबेन परत आली तेव्हा तिनं वाटी बघितली, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याचं नाव सुकदेव, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, ही घरी घेऊन जा मासी. मी म्हटलं, टाका तुमच्या बाजारात. घरी ठेवली तर मी दाराकडे बघत बसेन, आणि माझ्याबरोबर ती पोरही बसेल. तिनं विचारलं, वहीत काय लिहू. मी म्हटलं, लिहा, आईनं कुलूप बघायला पाठवला होता. पहिल्यांदाच मी पाठवला असं म्हटलं. वाटी तीन दिवसांत गेली. कुठल्या देशात, ते मी विचारून घेतलं नाही. त्यानंतर गोदामात भिंतीशी कधी काही वेगळं ठेवलेलं सापडलं नाही, आणि मी ते काम आणखी बरीच वर्षं केलं.

वाटीला गाठ मारली त्याच संध्याकाळी घरी गेले. हर्षदा तांदूळ निवडत होती. मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. म्हटलं, "भाईदास गेला. मी सांगते, मी त्याची आई. रामदासला बोलाव."

ती रडली. साडेतीन वर्षं थांबवून ठेवलेलं रडली, भिंतीला डोकं टेकून, आवाज करून, शेजारच्या बाया गोळा झाल्या एवढी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी वाईट बोलले होते त्याची माफी मागितली, ती तिला त्या रडण्यात ऐकू आली की नाही, कोण जाणे.

रामनवमीच्या आदल्या दिवशी पाट लागला. पंचांनी विचारलं, मुलगी कोण देणार. रामदास पुढे होत होता. मी म्हटलं, बस खाली, मी देते. किसन माणूस चांगला निघाला. बोलणं कमी, हात चालता. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, तुम्ही एकट्या राहू नका. मी म्हटलं, मला माझी खोली आहे, तुम्ही येत जा.

पुढे त्यांना सुरतच्या टोकाला, कोसाडला दोन खोल्यांचं घर मिळालं, नळ आत, संडास आत. हर्षदाला मुलगी झाली. नाव धनश्री ठेवलं. आणि आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया.

आखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. रामदासनं बहिणीला न्यायला निरोप धाडला होता. तिनं त्याला कळवलं, यंदा नाही येत. आणि सकाळीच रिक्षातून माझ्या दारात उतरली, कडेवर पोर, हातात आंब्याची पिशवी. म्हणाली, "आई, झोका कुठे बांधायचा?"

इतकी वर्षं आत्या म्हणत होती. मी पत्र्याखालचा वासा दाखवला. तिच्या मागून उतरलेल्या किसननं दोर टाकला, जोर देऊन पाहिला, मला झोक्यावर बसवलं आणि पोरीला माझ्या मांडीवर दिलं. चार दिवस घरात पुरणाचा वास होता, गल्लीतल्या पोरींची गाणी होती, आणि दार सताड उघडं होतं.